पावसाळी गळती, एआयचा सल्ला आणि दुरुस्तीचा पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे जिल्ह्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद मी काही वर्षे सांभाळले. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे गळतीबद्दल विचारत असतात. पूर्वी ‘चांगला वॉटरप्रूफिंगवाला सांगा’ एवढाच प्रश्न असे. आता सोबत एआयने दिलेले लांबलचक उत्तर जोडलेले असते आणि ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारलेले असते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागल्यामुळे उत्तरे एकत्र लिहून ठेवली आहेत.

१. भिंतीवर ओल आली आहे. फोटो काढून एआयला दाखवला तर कारण कळेल का?

संभाव्य कारणांची यादी कळेल, नेमके कारण कळणार नाही. फोटोत फक्त पृष्ठभाग दिसतो. छताला पडलेला पिवळसर डाग वरच्या न्हाणीघराचा असू शकतो, डक्टमधल्या (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतल्या) पाइपचा असू शकतो किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून शिरलेल्या पावसाचाही असू शकतो, आणि फोटोत हे तिन्ही डाग सारखेच दिसतात. शिवाय पाणी जिथे टपकते तिथूनच ते शिरलेले असते असे नाही. स्लॅबमध्ये उतरलेले पाणी वायरिंगच्या नळीतून वाहत जाऊन कित्येक फुटांवर पंख्याच्या हुकाजवळ बाहेर पडते.

आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर ताटाएवढा डाग पडला, तेव्हा फोटो पाहून एआयने ‘वरच्या मजल्यावरील सांडपाण्याच्या पाइपची गळती’ असे ठाम उत्तर दिले. त्या भरवशावर मी वरच्या काकूंना मोरीच्या लाद्या उकरायला लावल्या. लाद्या निघाल्या, पाइप कोरडा निघाला. पाणी बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या छज्जाच्या सांध्यातून येत होते. त्या लाद्यांचा खर्च आम्ही भरून दिला, पण वयस्कर बाईंना आठवडाभर सोसावा लागलेला त्रास भरून देता आला नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की आधी प्रश्न २ मधील तपासणी करावी आणि मगच कोणाच्याही घराला छिन्नी लावावी.

२. पाणी नेमके कुठून येते, हे घरच्या घरी कसे तपासावे?

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शिसपेन्सिल. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढावी आणि रेघेजवळ तारीख लिहावी. दोन-तीन दिवसांनी ओल रेघेच्या बाहेर गेली असेल तर नवी रेघ, नवी तारीख. त्याबरोबर एका वहीत त्या दिवशी पाऊस होता का, वरचे लोक घरी होते का, टाकी कधी भरली, एवढ्या नोंदी ठेवाव्यात. पंधरा दिवसांत बरेच चित्र स्पष्ट होते.

डाग फक्त पावसात वाढत असेल आणि उघडीप पडली की थांबत असेल, तर पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येते आहे. कोकणपट्टीत पावसाचा मारा प्रामुख्याने नैर्ऋत्य आणि पश्चिम दिशेने असल्यामुळे त्या बाजूच्या भिंती आधी पाझरतात. डाग बारा महिने, मे महिन्यातही ओला राहत असेल, तर नळाचे पाणी किंवा सांडपाणी हे कारण आहे. यांतही भेद करता येतो. नळाच्या पाइपमध्ये सतत दाब असतो, म्हणून त्याची गळती रात्रंदिवस चालू राहते. सांडपाण्याची गळती मात्र वापराप्रमाणे कमी-जास्त होते आणि वरचे कुटुंब आठवडाभर गावाला गेले की थांबते. तळमजल्यावर ओल जमिनीलगत सुरू होऊन साधारण मीटरभर उंचीपर्यंत चढलेली असेल, भिंतीवर पांढरे क्षार फुलले असतील आणि पोपडे सुटत असतील, तर ते पाणी इमारतीच्या पायातून वर चढते आहे. तिथे वरच्या मजल्याला दोष देण्यात अर्थ नाही.

न्हाणीघराची शंका असल्यास नहाणी ट्रॅपचे (जमिनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीचे) तोंड कापडाने घट्ट बंद करून, जमिनीवर इंचभर पाणी साठवून २४ ते ४८ तास ठेवावे. पाण्यात खाण्याचा रंग मिसळला तर खाली उतरलेले पाणी ओळखता येते. गच्चीवरही अशीच चाचणी होते, परंतु तिथे वजनाचा विचार करावा. १०० चौरस मीटर गच्चीवर ५ सेंटिमीटर पाणी साठवले तर ते ५ टन भरते. जुन्या किंवा तडे गेलेल्या स्लॅबवर अभियंत्याला विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये (प्रश्न १० पाहावा).

३. मग एआयचा उपयोग तरी कशासाठी करावा? आणि प्रश्न मराठीत विचारला तर चालतो का?

मराठीत जरूर विचारावा. तयारी करण्यासाठी एआय फार उपयोगी आहे आणि मी तो रोज वापरतो. प्रश्न २ मधील वहीच्या नोंदी जशाच्या तशा लिहून ‘यावरून कोणती कारणे बाद होतात आणि पुढची कोणती चाचणी करावी?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा कामाचे मिळते. नुसता ‘भिंतीला ओल आहे, उपाय सांगा’ असा प्रश्न केला, तर जगभरच्या घरांची सरासरी उत्तरादाखल समोर येते.

प्रश्नात शहर, इमारतीचे वय, मजला, आरसीसी सांगाडा आहे की जांभ्याची भिंत, आणि महिना कोणता, हे अवश्य लिहावे. हे न लिहिल्यास अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या घरांचा सल्ला येतो आणि ‘भिंतीचा जिप्सम बोर्ड कापून आत पाहा’ असे सांगितले जाते. आपल्या भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या आणि गिलाव्याच्या असतात. विजेच्या बाबतीत हा घोळ धोक्याचा आहे, कारण तिकडचा पुरवठा १२० व्होल्टचा आणि आपला २३० व्होल्टचा.

दुसरी मर्यादा शिळ्या माहितीची आहे. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तरी त्यानंतरही मला एका साधनाने जुनाच दर सांगितला. दर, कर, नियम यांची खातरजमा मूळ ठिकाणी करावी.

४. एआयने दिलेला खर्चाचा अंदाज आणि मिस्त्रीने सांगितलेला आकडा यांत दुपटीचा फरक आहे. कोण फसवत आहे?

बहुतेक वेळा कोणीच नाही. फरक मापाचा आणि कामाच्या व्याप्तीचा असतो. आपल्याकडे गिलावा आणि रंगाच्या कामात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, तर वाळू आणि खडीत ब्रास म्हणजे १०० घनफूट. या दोन्हींची सरमिसळ झालेली एआयची उत्तरे मी पाहिली आहेत. त्यामुळे दर विचारताना ‘चौरस फुटाला किती’ असे स्पष्ट विचारावे आणि लांबी-रुंदी स्वतः टेपने मोजून ठेवावी.

व्याप्तीचा मुद्दा याहून मोठा आहे. गच्चीच्या कामात जुना कोबा (गच्चीवर घातलेला जलरोधक थर) फोडणे, राडारोडा खाली उतरवून वाहून नेणे, कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे वाटा (सांध्यातली गोलाई) भरणे, पाणी जाण्याच्या तोंडाकडे उतार काढणे आणि शेवटी पाणी साठवून चाचणी देणे, ही सगळी कामे येतात. सहाव्या मजल्यावरून लिफ्टशिवाय राडारोडा उतरवण्याची मजुरी कोणत्याही यंत्राला फोटोवरून समजत नाही. मिस्त्रीला ती पहिला जिना चढतानाच समजते.

५. तीन कोटेशने आली आहेत आणि तिघांची पद्धत वेगळी आहे. तुलना एआयकडून करून घ्यावी का?

तक्ता करून घेण्यासाठी जरूर द्यावीत, निवड मात्र त्याच्यावर सोडू नये. एक जण ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) सांगतो, दुसरा डांबरी मेम्ब्रेन (चिकटवायची चादर) आणि तिसरा वरून पॉलियुरेथेनचा लेप. एआय तिन्हींचे गुणदोष मांडतो, पण तुमच्या गच्चीवर आधीच दोन कोब्यांचे थर आहेत आणि तिसऱ्याचे वजन स्लॅबला झेपणार नाही, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

मी त्याला एकच काम देतो : कोणत्या कोटेशनमध्ये काय लिहिलेले नाही, ते शोधून दे. न लिहिलेल्या गोष्टींवरूनच पुढे भांडणे होतात. लेपाचे किती हात, कोणत्या कंपनीचा माल, डबे बंद अवस्थेत दाखवणार का, चाचणी किती तासांची, मध्येच पाऊस आला तर नुकसान कोणाचे, हे सारे लेखी मागावे. कोटेशन देण्यापूर्वी त्यावरील नावे, फोन क्रमांक, पॅन आणि बँक खाते झाकावे. घराचा करारनामा किंवा आधार तिथे टाकण्याचे कारणच नाही.

६. आगाऊ रक्कम किती द्यावी?

याला कायद्याने ठरलेला आकडा नाही. माझा शिरस्ता असा आहे, की माल थेट दुकानातून आपल्या नावाच्या बिलावर आणावा, म्हणजे आगाऊ रकमेचा मोठा भाग मुळातच उरत नाही. मजुरीची उचल दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे देऊ नये आणि पुढचे हप्ते तारखेला न बांधता डोळ्यांना दिसणाऱ्या टप्प्यांना बांधावेत : जुना थर काढून झाला, वाटा भरून झाल्या, पाण्याची चाचणी निर्दोष झाली. किमान एक पंचमांश रक्कम पहिला जोरदार पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवावी आणि ही अट काम सुरू होण्याआधीच लिहून घ्यावी. चांगले कंत्राटदार यास तयार होतात, असा माझा अनुभव आहे. मात्र रोजंदारीवरच्या गवंड्याची आठवड्याची मजुरी अडवू नये. राखीव रक्कम कंत्राटदाराची असते, गवंड्याची नव्हे.

७. फोनवर प्लंबर शोधला, त्याने आधी क्यूआर कोड पाठवला. पैसे द्यावेत का?

देऊ नयेत. इंटरनेटवर किंवा एआयच्या उत्तरात आलेला क्रमांक खरा असेलच असे नाही. कंपनीच्या ग्राहकसेवेचा क्रमांक हवा असेल तर तो यंत्रावरील लेबलवरून, बिलावरून किंवा हमीपत्रावरून घ्यावा. एक गोष्ट घरातील ज्येष्ठांना पुन्हा पुन्हा सांगावी : यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. ‘परतावा देतो, पिन टाका’ असे कोणी म्हणाले, तर ते तुमच्या खात्यातून पैसे काढत आहेत. फसवणूक झालीच, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता असते.

८. ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ असे कंत्राटदार म्हणतो. काय करावे?

एक लाखाच्या कामावर १८,००० रुपये वाचतात, हे आकर्षक वाटते. पण बिल नसेल तर काम त्यानेच केले हे उद्या सिद्ध करणे फार अवघड जाते आणि हमीच्या कागदाला आधार उरत नाही (प्रश्न ११ पाहावा). पक्के बिल घ्यावे.

याला एक न्याय्य अपवाद आहे. केवळ सेवा देणाऱ्या ज्या छोट्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत आहे, त्याला आपल्या राज्यात जीएसटी नोंदणी सहसा बंधनकारक नसते. तो कर न लावता साधे बिल देतो आणि ते पूर्णपणे वैध असते. उलट, नोंदणी नसताना जो १८ टक्के लावतो त्याच्यापासून सावध राहावे. जीएसटी क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने आणि गोव्यातील ३० ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य तपासता येतो.

९. खर्च कोणी करायचा : मी, वरच्या मजल्यावरील सदनिकाधारकाने की सोसायटीने?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची येतात आणि एआयची सर्वाधिक गोंधळलेली उत्तरेही इथेच मिळतात, कारण तो वेगवेगळ्या राज्यांचे नियम एकत्र करतो. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, पावसामुळे होणारी गळती आणि सामाईक पाइप व ड्रेनेज लाइनची गळती यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. सदनिकेच्या आतील शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाचा. म्हणजे वरच्यांच्या न्हाणीघरातून तुमच्याकडे पाणी येत असेल तर खर्च वरच्यांचा, पण तेच पाणी डक्टमधल्या सामाईक पाइपमधून येत असेल तर संस्थेचा. म्हणूनच प्रश्न २ मधील तपासणी लेखी आणि तारखेसह असावी.

‘गच्ची शेवटच्या मजल्यावरच्यांना गळते, त्यांनीच वर्गणी काढावी’ असा ठराव अनेक ठिकाणी होतो. तो चुकीचा आहे. गच्ची सर्वांची आहे आणि त्यासाठीच दुरुस्ती निधी असतो. त्याचा दर सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के धरला जातो. बांधकाम खर्च १२ लाख असेल तर वर्षाला ९,००० रुपये. याशिवाय सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) किमान ०.२५ टक्के.

अडचणीचे अपवाद दोन. सदस्याने स्वतः बाल्कनी आत घेतली, खिडकीबाहेर जाळी ठोकली किंवा न्हाणीघराची जागा बदलली आणि त्यातून गळती झाली, तर संस्था खर्च नाकारू शकते. आणि तुमची इमारत सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल, तर वरील उपविधी लागू होत नाहीत. तिथे इमारतीचे नोंदवलेले घोषणापत्र आणि त्यासोबतचे नियम पाहावे लागतात.

१०. छताचा गिलावा पडून गंजलेली सळई दिसू लागली आहे. एआयने सिमेंट भरून रंग लावण्याचा उपाय सांगितला. पुरेसा आहे का?

नाही, आणि या बाबतीत कृपया कोणाच्याही दूरस्थ सल्ल्यावर विसंबू नये, माझ्याही नाही. लोखंड गंजले की फुगते आणि आजूबाजूचे काँक्रीट आतून फोडते. वरून नवा गिलावा थापला तर गंज झाकला जातो, थांबत नाही. काही महिन्यांनी मोठा तुकडा पडतो आणि खाली कोण झोपलेले असेल हे कोणी सांगू शकत नाही. त्या जागेखालची खाट, टेबल आजच हलवावे आणि नोंदणीकृत स्ट्रक्चरल अभियंत्याला बोलवावे.

आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करणे अपेक्षित आहे. आपल्या संस्थेचे शेवटचे ऑडिट कधी झाले, हे विचारण्याचा प्रत्येक सदस्याला अधिकार आहे. ओल स्विचबोर्डापर्यंत पोहोचली असेल तर त्या सर्किटचा एमसीबी बंद करावा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे.

११. दहा वर्षांची हमी होती, दुसऱ्याच पावसात पुन्हा गळू लागले. किंवा इमारतच नवी आहे. दाद कुठे मागावी?

इमारत रेरा (घरबांधणी प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या) कायद्याखालील असेल आणि ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर बांधकामातील दोष विकासकाने कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक आहे. लेखी कळवावे, व्हॉट्सॲपवर बोलून थांबू नये. मात्र आपण स्वतः न्हाणीघराच्या लाद्या बदलल्या असतील, तर विकासक त्याकडे बोट दाखवतो, हे लक्षात घ्यावे.

कंत्राटदाराच्या हमीबाबत आधी कार्डावरील बारीक अक्षरे वाचावीत. पुष्कळदा ती हमी केवळ मालाची असते, मजुरीची नसते. इंग्रजी कार्डाचा फोटो काढून एआयकडून मराठीत समजून घेणे हा उत्तम उपयोग आहे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

१२. दुरुस्तीसाठी कर्ज काढले तर करात सवलत मिळते का?

जुन्या करप्रणालीत, स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत मिळते. नव्या प्रणालीत राहत्या घराला ती नाही. घर भाड्याने दिले असेल, तर प्रत्यक्ष दुरुस्ती केली अथवा न केली, तरी ३० टक्के प्रमाणित वजावट मिळतेच, म्हणून दुरुस्तीची बिले वेगळी दाखवता येत नाहीत. क्रेडिट कार्डावर किंवा ॲपवरून झटपट मिळणाऱ्या कर्जावर गच्ची दुरुस्त करू नये.

१३. मी परदेशात असतो, गावचे घर कोकणात आहे. मिस्त्री फोटो पाठवतो आणि मी पैसे पाठवतो. आता खोटे फोटोही बनतात म्हणे. काय करावे?

आता फोटो हा पुरावा मानू नये, हे खरे आहे. जुन्या घराच्या छायाचित्रावरून नवी कौले बसवलेले चित्र मिनिटभरात तयार होते. तरी सुरुवातीलाच मिस्त्रीवर संशय घेण्यापेक्षा पद्धत बदलावी, म्हणजे त्याचाही मान राहतो. ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करावा आणि आपण सांगू त्या कोपऱ्यात फोन न्यायला सांगावे : पन्हळीचा सांधा दाखव, वाशाला नखाने टोचून दाखव, मागच्या पडवीची भिंत दाखव. वासा आतून कुजला असेल तर नख सहज आत जाते, आणि ते कॉलवर स्पष्ट दिसते. शेजारच्या घरातील कोणी वडीलधारे असतील, तर टप्प्याचे पैसे सोडण्यापूर्वी त्यांना एक फेरी मारण्याची विनंती करावी.

कौलारू घराचे काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरकले जाईल अशा बेताने बोलणी फेब्रुवारीतच करावीत, कारण मेअखेरीस गावात कौले चाळणारा माणूस मिळत नाही. बंद घराची गळती डिसेंबरात सुट्टीवर आल्यावर दिसत नाही. तोवर सगळे वाळलेले असते. म्हणून जुलैमध्ये एकदा, भर पावसात, कोणालातरी घर उघडून माळ्यावर चढायला सांगावे आणि जिथे थेंब पडतो तिथे खडूने खूण करून ठेवायला सांगावी.